करोडगिरीच्या कचेरीतलं कॉलेज

नळदुर्गला कॉलेज निघतंय ही बातमी ताहेराबीला तिच्या अब्बांच्या दुकानात कळली, आणि ती सांगायला खुद्द कॉलेजचे सेक्रेटरी आण्णासाहेब आले होते.

चाँदपाशाचं दुकान मोटारस्टँडच्या कडेला होतं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या सगळ्या ढाब्यांची पातेली कल्हईला त्याच्याकडंच यायची. दुकानाच्या मागच्या दाराला लागूनच घर. जून १९६१ मधली ती सकाळ. आण्णासाहेब धोतराचा सोगा हातात धरून आले आणि उपड्या पातेल्यावरच बसले.

"चाँदपाशा, तुमची पोरगी मॅट्रिक झाली म्हणं?"

"व्हय साहेब. सेकंड क्लास."

"मग आता पुढं काय?"

"पुढं काय साहेब? शादी."

"शादी कुठं पळून चाललीय? कॉलेज मात्र पळून जाईल." आण्णासाहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "सरकार म्हणतं, तुमच्या गावाला कॉलेज कशाला? म्हणून आमी खासगीच काढतोय. गावोगाव फिरून लोकांकडनं ज्वारी गोळा केली, मास्तर आणले. पण सायन्सचा वर्ग उघडायला विद्यापीठवाले चाळीस पोरं दाखवा म्हणालेत. माझ्याकडं अडतीसच हाईत. दोघांसाठी सगळं अडलंय बघा."

मागच्या दाराआड ताहेराबी कान लावून उभी होती. तिच्या हातातल्या ताटलीतले तांदूळ निवडायचे राहून गेले होते. अब्बा काय म्हणतील ते तिला कळेना. पण बोलली ती अम्मी, खैरुनबी. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती दारात आली.

"साहेब, चाळीस पोरांत माझी एकटी पोरगी न्हाय बसायची. आणखी एक पोरगी आणा, मग माझी येईल."

आण्णासाहेब उठले ते थेट पेठेत कल्याणप्पा अडत्याकडं गेले. कल्याणप्पाची महानंदाही त्याच वर्षी मॅट्रिक झाली होती. तिथं तिची आई इरम्मा म्हणाली, "चाँदपाशाची येत असंल तर आमची येईल." म्हणजे एकीचं दुसरीवर अडलं आणि दुसरीचं पहिलीवर. शेवटी आण्णासाहेबांनी खैरुनबीला कल्याणप्पाच्या अंगणात नेलं आणि दोघी आयांना समोरासमोर बसवलं. तासभर त्या कशाकशावर बोलल्या देव जाणे. कॉलेजचा विषय त्यात शेवटी दोन मिनिटं निघाला. पण घरी येऊन खैरुनबी म्हणाली, "सोमवारपासून जायचं. महानंदा हाक मारायला येणार हाय."

ताहेराबी त्या रात्री जेवलीच नाही. आनंदानं पोटात भूक मावायला जागाच नव्हती.

कॉलेजला इमारत मिळाली होती ती करोडगिरीची. निजामाच्या राज्यात सोलापूर म्हणजे परका मुलूख. तिकडून येणाऱ्या गाड्या अडवून माल तपासायचा, जकात घ्यायची, ती ही कचेरी. राज्य गेलं, नाका उठला आणि कचेरी तेरा वर्षं वटवाघळांच्या हवाली झाली. आता तिच्या दर्शनी भागात ऑफिस आलं, कारकुनांच्या खोल्यांत वर्ग भरले, आणि जप्त केलेला माल ठेवायच्या लांबलचक कोठारावर खडूनं लिहिलं गेलं : रसायनशास्त्र प्रयोगशाळा. कोठारात तेव्हा एक फळा आणि चार बाकं सोडली तर काहीच नव्हतं. दोघी मुलींसाठी 'लेडीज रूम'सुद्धा होती. कपाटामागं गोणपाटाचा पडदा लावलेला एक कोपरा, त्यात एक माठ आणि एक चटई.

पहिल्याच दिवशी ताहेराबीच्या उत्साहावर पाणी पडलं. पुस्तकं सगळी इंग्रजीत. ती चौथीपर्यंत उर्दूत शिकली, मग शाळा मराठी झाली म्हणून मराठीत शिकली, आणि आता इंग्रजी. एका पानावर पंचवीस शब्द अडले. महानंदानं कानात विचारलं, "तुला काय कळालं गं?"

"पानाचा नंबर," ताहेराबी म्हणाली. दोघी तोंडाला ओढणी-पदर लावून इतक्या हसल्या, की पुढच्या बाकावरची मुलं वळून बघायला लागली.

तेवढ्यात वीरप्पा जळकोटे सर आत आले. हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. वय तीसच्या आत, हैदराबादला शिकून आलेले, घरी कानडी बोलणारे. शिकवायला लागले की इंग्रजी, मराठी, उर्दू, कानडी अशा चारही भाषा एकाच वाक्यात यायच्या आणि कुणालाच परकं वाटायचं नाही. त्यांनी पुस्तक उघडलंच नाही.

"बर्फ तापवला तर पाणी होतं, पाणी तापवलं तर वाफ. पण मला असा पदार्थ सांगा, जो तापवला तर पाणी होतच नाही. एकदम धूर. कुणी पाहिलाय?"

ताहेराबीचा हात अर्धा उठला आणि परत खाली आला. तिनं तो रोज पाहिला होता. लहानपणापासून, दिवसाला दहादा. पण कल्हईवाल्याच्या दुकानातली गोष्ट कॉलेजात कशी सांगायची? महानंदानं तिचा चुळबुळणारा हात पाहिला आणि धरून सरळ वरच केला.

"सांग, बेटी."

"नवसागर, सर." "तापलेल्या भांड्यावर टाकला की पांढरा धूर व्हतो. वितळत न्हाय. आणि वरच्या छपराला त्याची पांढरी पूड बसती."

सरांनी खडू टेबलावर ठेवला. "छपराला पूड बसते? हे तू पाहिलंयस?"

"दर ईदला मीच झाडते, सर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर नवसागराचं इंग्रजी नाव लिहिलं, खाली उर्दू, खाली मराठी, आणि म्हणाले, "या पोरीनं पुस्तकातला अख्खा धडा छपरावर बघितलाय. तुम्ही लिहून घ्या."

घरी जाताना ताहेराबी चालत नव्हती, जवळजवळ पळतच होती. महानंदा मागून ओरडत होती, "अगं थांब की, माझी चप्पल तुटंल!"

त्या दिवसापासून तिनं एक वही केली. डाव्या बाजूला पुस्तकातलं इंग्रजी नाव, उजव्या बाजूला अब्बांच्या तोंडचं. टिन म्हणजे कथील, झिंक म्हणजे जस्त, ॲसिड म्हणजे तेजाब. रोज संध्याकाळी ती दुकानात बसायची आणि अब्बांना खोदून खोदून विचारायची. चाँदपाशा आधी वैतागला, मग त्याला गंमत वाटू लागली. पुढं पुढं तर गिऱ्हाईक समोर असलं तरी म्हणायचा, "जरा ठैरो, पोरीचा अभ्यास चालू हाय."

दिवाळीपर्यंत सगळे प्रयोग फळ्यावरच झाले. सर काचेची भांडी काढून दाखवायचे, खडूनं वायू सोडायचे, डस्टरनं पुसून टाकायचे. मग एका दुपारी ताहेराबीचा मामा मुनवर, जो सोलापूर-हैदराबाद ट्रक चालवायचा, कॉलेजच्या दारात भोंगा वाजवत येऊन उभा राहिला. ट्रकमध्ये सोलापूरहून आणलेली लाकडी खोकी. सगळे वर्ग आपोआप सुटले. खोकी उघडली, पेंढा उडाला आणि आतून एकेक वस्तू निघू लागली : परीक्षानळ्या, चंबू, नरसाळी, स्पिरिटचे दिवे, आणि काचेच्या पेटीतला पितळी तराजू. ताहेराबीनं एक परीक्षानळी उन्हात धरली. इतकी पातळ काच तिनं कधी हातात घेतली नव्हती. फळ्यावर ती केवढी तरी मोठी दिसायची; खरी तर बोटभर निघाली.

"मामू, एक पण फुटली न्हाय?"

"अगं, घाटात बैलगाडीच्या चालीनं आणलाय ट्रक," मुनवर म्हणाला. "मागचे डायव्हर शिव्या घालून घालून थकले."

आता कॉलेज खरंखुरं वाटायला लागलं. कला शाखेच्या मुलांनी भित्तिपत्रक सुरू केलं. त्यात ताहेराबीनं 'आमची लेडीज रूम' असा लेख लिहिला आणि तो वाचून आण्णासाहेबांनी गोणपाट काढून छापील कापडाचा पडदा पाठवला. कबड्डीचा संघ तुळजापूरला जाऊन जिंकून आला. प्रयोगशाळेतून असे रंग आणि असे वास निघू लागले, की रस्त्यावरचे ट्रकवाले ढाब्यावर विचारायचे, इथं नेमकं काय बनवतात?

जानेवारीत पत्र आलं. औरंगाबादहून विद्यापीठाची समिती येणार. तिनं प्रयोगशाळा पास केली तर सायन्सचा वर्ग राहणार, नाहीतर बंद. आणि पत्रातली एक अट वाचून सगळ्यांचेच चेहरे उतरले. प्रयोगशाळेला वाहत्या नळाचं पाणी हवं.

गावात नळ नव्हता. कॉलेजच्या मागं विहीर होती, मुलं पाळीपाळीनं घागरी भरून आणायची. आण्णासाहेबांनी दोन दिवसांत जस्ती पत्र्याची मोठी टाकी करवून कोठाराच्या छपरावर चढवली, तिला पाइप जोडला आणि खाली नळ बसवला. मुलांनी टाकी भरली. नळ सोडला. पाणी आलं! टाळ्या वाजल्या. आणि टाळ्या संपायच्या आत वरून भिंतीवर ओघळ यायला लागला. टाकीचा सांधा उकलला होता. समिती दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती.

"सर, अब्बांना बोलावू का?" ताहेराबीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सुटली.

चाँदपाशा हत्यारांची पिशवी घेऊन आला. आयुष्यात पहिल्यांदा तो कॉलेजात पाऊल टाकत होता. दारात त्यानं चपला काढल्या. सरांनी त्याला हाताला धरून आत आणलं. रिकामी टाकी खाली उतरवली गेली. चाँदपाशानं चिनी मातीच्या वाडग्यात तेजाब ओतलं, त्यात जस्ताचे तुकडे टाकले. वाडग्यात खदखदून बुडबुडे उठले.

"हे काय करताय चाचा?" सरांनी विचारलं.

"तेजाब मारतोय. असंच लावलं तर सांधा जोडायचा डाख धरत न्हाय. बुडबुडे थांबले की तेजाब मेलं."

सरांचे डोळे चमकले. "एक मिनिट. पोरांनो, इकडं या सगळे. ताहेरा, नरसाळं आण. परीक्षानळी आण."

नरसाळं वाडग्यावर उपडं घातलं, त्याच्या नळीवर परीक्षानळी उपडी धरली. थोडा वेळ थांबून सरांनी ती ताहेराबीच्या हातात दिली आणि जळती काडी पुढं केली.

फट्!

चाँदपाशा दोन पावलं मागं सरला. मग त्यानं वाडग्याकडं पाहिलं, मुलीच्या हातातल्या नळीकडं पाहिलं. "ये क्या था?"

"हायड्रोजन, अब्बा! बुडबुड्यात हायड्रोजन असतो!"

"माझ्या वाडग्यात?"

"तुमच्याच वाडग्यात. रोज."

"तीस साल झाले मी तेजाब मारतोय," चाँदपाशा म्हणाला, "आणि हे मला कुणी सांगितलंच न्हाय?" तो एवढ्या मोठ्यानं हसला की सगळं कोठार घुमलं. "आणखी एकदा लाव गं."

फट् झालं. पुन्हा एकदा झालं. मुलांनी आळीपाळीनं लावलं. अंधार पडायच्या आत टाकी डाख लागून छपरावर गेली आणि थेंबभरही गळली नाही. सरांनी चाँदपाशाला चहा दिला आणि वर्गाला सांगितलं, "आजचा तास यांनी घेतला. वहीत तसंच लिहा."

समिती आली ती जीपमधून. तिघे होते, अध्यक्ष जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. त्यांनी वर्ग बघितले, तराजू बघितला आणि प्रयोग करत असलेल्या ताहेराबीपाशी येऊन थांबले.

"काय चाललंय?"

"हायड्रोजन तयार करतेय, सर." इंग्रजीत पाठ केलेलं वाक्य ऐन वेळी पळालं होतं. पण मराठीत एकदा सुरुवात झाल्यावर ती थांबली नाही. जस्त का घेतलं, तेजाब कुठलं, वायू पाण्यावर का गोळा करायचा, सगळं सांगितलं. अध्यक्षांनी मान हलवली. मग ते नळाकडं वळले आणि त्यांनी तो पूर्ण सोडला.

पाणी धो-धो आलं. सरांचा चेहरा उजळला. अध्यक्ष मात्र नळ तसाच ठेवून उभे राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं. ताहेराबीला टाकी किती मोठी आहे ते ठाऊक होतं.

"सर, नळ बंद करू का?"

"राहू दे. बघू किती वेळ चालतो."

दारात उभी असलेली महानंदा दिसेनाशी झाली. ताहेराबीनं खिडकीतून पाहिलं तर ती पदर खोचून विहिरीकडं पळत होती आणि ओरडत होती, "पाणी! पाणी चढवा!"

नळाची धार हळूहळू बारीक झाली. ताहेराबी हायड्रोजनबद्दल जे जे आठवेल ते सांगत सुटली, जे अभ्यासक्रमात नव्हतं तेही. धार करंगळीएवढी झाली. मग दोऱ्याएवढी. आणि मग छपरावर पावलं धडधडली, घागरी आदळल्याचा आवाज आला, आणि धार पुन्हा फुगली. मनगटाएवढी झाली. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. धार कमी होईना. वरचा दणदणाट वाढतच गेला. आणि मग खिडकीबाहेर एकदम धबधबा कोसळला. टाकी भरून वाहायला लागली होती.

अध्यक्ष तडक बाहेर गेले. त्यांच्यामागं सगळे गेले. ताहेराबीही गेली.

विहिरीपासून शिडीपर्यंत माणसांची रांग लागली होती. चाळीसातली एकोणचाळीस मुलं, कला शाखेचा अख्खा वर्ग, इतिहासाचे प्राध्यापक, शिपाई नबीलाल, कल्याणप्पाच्या अडतीतले चार हमाल, आणि मध्ये धोतर गुडघ्यावर खोचून खुद्द आण्णासाहेब. घागरी हातोहात चढत होत्या. समिती दिसल्यावर रांग जागच्या जागी थिजली. आण्णासाहेबांच्या हातात भरलेली घागर तशीच राहिली.

"हा तुमचा वाहता नळ?" अध्यक्ष म्हणाले.

जळकोटे सर खाली मान घालून उभे. ताहेराबीला कळायच्या आत तिच्या तोंडून निघून गेलं, "नळ खरा हाय, सर. पाणी पण खरंच हाय. फक्त पंप माणसांचा हाय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आणि हा पंप रोज चालतो?"

"रोज, सर. आज तुम्ही नळ बंद करू दिला न्हाय म्हणून जरा जास्त चालला."

आता मात्र अध्यक्ष हसले. एकदा सुरू झाल्यावर त्यांना आवरेना; जीपचा ड्रायव्हरसुद्धा हसायला लागला. मग ते आण्णासाहेबांपाशी गेले, त्यांच्या हातातली जड घागर स्वतः खाली ठेवली आणि म्हणाले, "एक वर्षाची मान्यता लिहितो. पण जूनच्या आत विहिरीवर इंजिन बसवा. या पोरांचे हात मला प्रयोगाला हवेत."

पुढचं भराभर सांगायला हवं, कारण ताहेराबीला स्वतःला सगळ्याची घाईच होती. इंजिन मे महिन्यात बसलं. गावोगावचे लोक बघायला आले. पीयूसीची, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाची, परीक्षा उस्मानाबादच्या केंद्रावर झाली. दोघी महानंदाच्या मावशीकडं राहिल्या आणि पहाटे उठून एकमेकींना सूत्रं विचारत गच्चीवर येरझाऱ्या घालायच्या. चाळीसांपैकी सव्वीस पास झाले. महानंदा सेकंड क्लास, ताहेराबी फर्स्ट. निकाल वाचून दाखवताना जळकोटे सरांनी तिचं नाव चारही भाषांत जाहीर केलं. कॉलेजला पुढं बीएस्सीची परवानगी मिळाली, दोघींनी तीही तिथंच केली. महानंदा लग्न करून मुरुमला गेली आणि तिथल्या शाळेत गणित शिकवू लागली. ताहेराबीला एमएस्सी करायचं होतं. ते फक्त औरंगाबादला.

या वेळी घरात वाद झाला नाही. खैरुनबी एवढंच म्हणाली, "मी जागा बघून येते. मग ठरवू." जून १९६५ मध्ये मायलेकी एसटीत बसल्या. खैरुनबीनं आयुष्यात तुळजापूरच्या पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं. वाटेत तिनं प्रत्येक गावाचं नाव विचारलं. विद्यापीठात पोचल्यावर तिनं मुलींचं वसतिगृह कडी-कोयंड्यासकट तपासलं, स्वैपाकघरात जाऊन डाळीची चव घेतली, रेक्टरबाईंना त्यांची मुलं किती ते विचारलं, आणि मग लेकीबरोबर रसायनशास्त्र विभागात गेली. लांबच लांब ओटे, प्रत्येक ओट्याला नळ, प्रत्येक नळाशेजारी गॅसची चावी. ताहेराबी दारातच थांबली. तिला एकाच वेळी ओरडावंसं आणि गप्प राहावंसं वाटत होतं. आतून घंटा झाली, मुलं वह्या घेऊन भराभर वर्गाकडं निघाली.

"ही कसली घंटा?" खैरुनबीनं विचारलं.

"तास सुरू झाला, अम्मी. पण माझं नाव अजून लागलेलं न्हाय. उद्यापासून बसायचं."

"उद्यापर्यंत इथं उभी राहून काय करणार?" खैरुनबीनं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि व्हरांड्यातल्या बाकावर ऐसपैस बसली. "तू जा. विचार त्यांना, मागं उभं राहून ऐकलं तर चालतं का. मी हाय इथंच."

ताहेराबीनं ओढणी सावरली आणि धावतच आत गेली.